जुन्या फर्नेसचा पायलट कसा पेटवायचा, आणि ते बटण मिनिटभर का दाबून धरायचं

३० जानेवारी २०१९ ची पहाट. शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेलेला, आपल्या हिशोबात जवळजवळ उणे ३१ सेल्सिअस, शाळा बंद, पोस्टानेसुद्धा टपाल वाटणं थांबवलेलं. आई-बाबा माझ्या बाळंतपणासाठी आले होते, बाळ सात आठवड्यांचं, आणि साडेपाचला आई उठवायला आली की अगं बाळाचे हात गार लागतायत, हीटरचा आवाज पण येत नाहीये. थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती गरम हवं ते लावायचं भिंतीवरचं बटण, ७० फॅरनहाइटवर लावलेला आणि घरात ५९. बेसमेंटमध्ये जाऊन बघते तर फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारी गॅसची भट्टी, गप्प. दाराच्या फटीतून एक छोटी निळी ज्योत कायम दिसायची, ती नव्हती.

आमचं घर १९५६ चं, फर्नेस आधीच्या मालकांनी १९८० च्या आसपास बसवलेली. अमेरिकेत, कॅनडात अशी जुनी घरं घेतलेले आपले बरेच लोक आहेत आणि दर थंडीत कोणाचा तरी मेसेज येतोच की पायलट विझलाय, काय करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. हे फिरवा ते दाबा एवढंच नाही, आत काय चाललेलं असतं ते पण, कारण ते एकदा डोक्यात बसलं की भीतीही जाते आणि चूकही होत नाही.

पायलट म्हणजे काय ते आधी बघू. फर्नेसमधले मोठे बर्नर गरज पडेल तेव्हाच पेटतात, थर्मोस्टॅटने सांगितलं की घर गार झालंय की गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नरमध्ये गॅस येतो, पण त्या गॅसला काडी लावायला तिथे कोण बसलंय? म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढी एक ज्योत रात्रंदिवस तेवत ठेवलेली असते, देवळातल्या नंदादीपासारखी, बर्नरचा गॅस आला की तिच्यावरनं पेट घेतो. तोच पायलट.

आता खरा प्रश्न असा की ही ज्योत वाऱ्याने विझली आणि घरात कोणाला पत्ताच नाही, तर गॅस नुसताच येत राहील, मोठा बर्नर उघडला तर भसाभसा येईल, आणि मग काय होऊ शकतं ते सांगायला नको. जुन्या फर्नेसमध्ये कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही, तरी ही सोय केलेली आहे आणि ती इतकी साधी आहे की मला अजून कौतुक वाटतं. पायलटच्या ज्योतीत एक छोटी धातूची कांडी उभी असते, पेन्सिलीपेक्षा बारीक, तिला थर्मोकपल म्हणतात. तिच्या मागून तांब्याची एक बारीक नळी निघते ती थेट गॅसच्या व्हॉल्व्हला जाऊन जोडलेली असते. बघणाऱ्याला वाटतं ही गॅसची नळी आहे, पण त्यातून गॅस जात नाही, ती वायर आहे.

कांडीत दोन वेगवेगळे धातू जोडलेले असतात. जोडाची बाजू तापली आणि दुसरं टोक गार राहिलं की त्यात वीज तयार होते. १८२१ मध्ये थॉमस योहान झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला हे दिसलं, दोन धातूंची कडी करून एक जोड तापवला तर शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. तीच गोष्ट आमच्या बेसमेंटमध्ये चाललेली असते. वीज किती, तर साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट. रिमोटमधला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी. एवढ्याशा विजेवर व्हॉल्व्हमधलं एक इवलंसं इलेक्ट्रोमॅग्नेट चालतं आणि ते मॅग्नेट गॅसचं झाकण उघडं धरून ठेवतं. ज्योत आहे तोवर कांडी गरम, कांडी गरम आहे तोवर वीज, वीज आहे तोवर झाकण उघडं. ज्योत गेली की कांडी गार पडते, मॅग्नेट सोडून देतं आणि स्प्रिंगने झाकण बंद होतं. पायलटचाही गॅस बंद, मोठ्या बर्नरचाही बंद. कोणी बघायला नसलं तरी.

आता ते बटण दाबून धरायचं कोडं. फ्रीजवरचं मॅग्नेट आठवा, एकदा चिकटलं की घट्ट बसतं, पण बोटभर लांब धरलं तर आपणहून जाऊन चिकटत नाही. व्हॉल्व्हमधलं मॅग्नेट तसंच आहे, झाकण धरून ठेवायची ताकद त्यात आहे पण झाकण ओढून उघडायची नाही. ओढायचं काम तुमच्या बोटाचं. तुम्ही बटण दाबता तेव्हा बोटाच्या जोराने ते झाकण मॅग्नेटला नेऊन टेकवता, मग पायलट पेटवता, आणि कांडी तापून पुरेशी वीज तयार होईपर्यंत तसंच धरून उभे राहता. मिनिटभराने बोट काढलं की झाकण मॅग्नेटने धरलेलं असतं. म्हणजे आपण जे धरून ठेवलं होतं ते ज्योतीच्या हवाली करतो. घाई केली आणि वीस सेकंदांत सोडलं तर कांडी तापलेली नसते, झाकण पडतं, ज्योत विझते, आणि माणूस म्हणतो फर्नेस बिघडली.

तुम्ही भारतात हे बघितलेलं आहे. हल्ली ओट्यात बसवलेल्या ज्या शेगड्या येतात त्यात पुष्कळ ठिकाणी नॉब दाबून पेटवल्यावर काही सेकंद दाबूनच धरायला लागतो, लगेच सोडला की विझते. माझी नणंद पुण्यात दुकानदाराशी भांडायला निघाली होती त्यावरून. बर्नरच्या कडेला बघा, अशीच एक छोटी कांडी उभी असते. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद व्हावा म्हणून ती आहे.

पेटवायला जायच्या आधी एक गोष्ट तपासा, की तुमच्या फर्नेसला कायम तेवणारा पायलट आहे का. अमेरिकेत १९९२ पासून नवीन फर्नेसला किमान ७८ टक्के कार्यक्षमतेची अट आली आणि त्यानंतर असे पायलट जवळजवळ गेलेच. नंतरच्या फर्नेसमध्ये एक पट्टी लालभडक तापून गॅस पेटवते नाहीतर टिकटिक ठिणगी पडते. तिथे काडी घेऊन जायचं काहीच काम नाही, आणि जाऊ पण नये. ओळखायची खूण म्हणजे गॅस व्हॉल्व्हवरचा नॉब: त्यावर ऑफ, पायलट, ऑन अशा तीन जागा असतील आणि मगाशी सांगितली ती तांब्याची बारीक नळी असेल तर तुमची जुन्या पद्धतीची. नुसतं ऑन-ऑफ असेल तर हात लावू नका, टेक्निशियनला बोलवा.

त्या दिवशी मी समोरच्या घरातल्या आजोबांना फोन केला. चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहिलेले, ते जाड कोट घालून टॉर्च घेऊन आले. मला वाटलं येऊन काडी ओढतील. त्यांनी खाली जाऊन पहिलं काय केलं तर गुडघे टेकून फर्नेसच्या पायथ्याशी जमिनीजवळ नाक नेऊन वास घेतला, मग उभं राहून वरती घेतला, मग मला घ्यायला लावला. त्यांचं लहानपण शेतावरच्या घरातलं, तिथे प्रोपेन होता, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीवर पसरून बसतो. शहरात पाइपने येतो तो नॅचरल गॅस, मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून दोन्हीकडे वास घ्यायचा, आपल्याकडे कुठला गॅस आहे ते माहीत असलं तरी.

गॅसला मुळात वास नसतो हे पण लक्षात घ्या. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेला गॅस साचून स्फोट झाला, जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. गॅस बिनवासाचा होता, कोणाला कळलंच नाही. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळायचे कायदे आले. आपल्या सिलिंडरला येतो तसाच तो सडका वास. त्या वासामागे एवढी मुलं आहेत, म्हणून तो आला की नाक मुरडून कामाला लागायचं नाही, थांबायचं.

वास येत असेल तर पायलट वगैरे विसरा. लाइटचं बटण चालू करू नका, बंद पण करू नका, घरातून फोन लावू नका, काडी तर नाहीच, माणसं आणि बाळं उचला, बाहेर पडा, शेजाऱ्याकडे जाऊन गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला नाहीतर ९११ ला फोन करा. बाहेर कितीही थंडी असली तरी.

वास नसेल तर मग पुढे. थर्मोस्टॅट सगळ्यात खाली आणा म्हणजे पायलट पेटल्या पेटल्या मोठा बर्नर अंगावर येणार नाही. फर्नेसचा विजेचा स्विच बंद करा, तो बाजूला भिंतीवर नाहीतर बेसमेंटच्या जिन्यापाशी असतो, पुष्कळ ठिकाणी लाल पट्टीचा. खालचं दार काढा, बहुतेक दारं वर उचलून बाहेर ओढली की निघतात. दाराच्या आतल्या बाजूला किंवा व्हॉल्व्हजवळ कंपनीचं पेटवायच्या सूचनांचं लेबल असतं, कळकट झालेलं असलं तरी पुसून वाचा, तुमच्या मॉडेलला वेगळं काही सांगितलं असेल तर ते माझ्यापेक्षा वरचढ.

नॉब ऑफवर न्या, काही नॉब थोडे दाबून फिरवावे लागतात. हाताने फिरला पाहिजे, पक्कड-पान्हा लावायचा नाही, हाताने फिरत नसेल तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा, जोर लावून व्हॉल्व्ह मोडला तर मोठा घोळ. ऑफ केल्यावर पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावून पाच. आत साचलेला असेल तो गॅस चिमणीवाटे निघून जायला तेवढा वेळ द्यायचा असतो. नॅचरल गॅस हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो, त्याहून कमी असला की नाही, म्हणजे तुम्ही थांबता ते त्याला पाचच्या बराच खाली जाऊ देण्यासाठी. या पाच मिनिटांत घरातले सगळे वर उभे राहून झालं का झालं का विचारतात, विचारू देत. पाच झाली की परत वास घ्या, खाली आणि वर.

मग नॉब पायलटवर. टॉर्च मारून पायलट कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, व्हॉल्व्हमधून अॅल्युमिनियमची एक नळी निघते ती पकडून डोळ्यांनी मागे मागे गेलात की बरोबर तिथे पोचता, आणि तिच्याच टोकाशी ती कांडी दिसते. लांब दांड्याचा लायटर नाहीतर फायरप्लेसच्या लांब काड्या वापरा. कागदाची सुरळी पेटवून आत घालू नका, राख बर्नरमध्ये पडते. चेहरा बाजूला ठेवा, समोर वाकून नाही, केस बांधा, ओढणी-शाल काढून ठेवा, मी त्या दिवशी शाल गुंडाळूनच गेले होते आणि आजोबांनी हाताने खूण करून काढायला लावली. लायटर पायलटपाशी धरून बटण (काही ठिकाणी लाल, काही ठिकाणी नॉबच) पूर्ण खालपर्यंत दाबा. बराच वेळ बंद असेल तर नळीत हवा असते, ज्योत लागायला अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्तही लागतं. लागली की बोट हलवू नका, साठपर्यंत सावकाश मोजा. अंगठा दुखतो, दुखू दे. मग हळूच सोडा.

ज्योत राहिली तर झालं. नॉब ऑनवर, दार लावा, विजेचा स्विच चालू, थर्मोस्टॅट वर. थोड्या वेळात भप्प असा मऊ आवाज येऊन सगळे बर्नर एका ओळीत पेटतात, पण पंखा लगेच सुरू होत नाही, आतला पत्रा तापल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी होतो, त्यामुळे वर गार हवाच येतेय म्हणून घाबरू नका. आवाज भप्प ऐवजी धाडकन आला तर मात्र बंद करा, बर्नर घाण आहेत आणि गॅस साचून पेटतोय, ते साफ करून घ्यायचं काम आहे.

ज्योत राहिली नाही तर ऑफ, परत पाच मिनिटं, परत सगळं. दोन-तीन वेळा करून बघा, त्यापुढे नाही.

आमची राहिली नाही. दोनदा पेटली आणि बोट काढलं की टक् असा आवाज होऊन विझली. तो टक् म्हणजे झाकण पडल्याचा आवाज, आणि तो ऐकून बरं वाटायला हवं, कारण सेफ्टी काम करतेय. आजोबांनी टॉर्च मारून दाखवलं, ज्योत पिवळट होती आणि आळसावल्यासारखी बाजूला झुकत होती, कांडीला जेमतेम शिवत होती. चांगली ज्योत निळी असते, सरळ फुंकल्यासारखी कांडीवर जाते आणि कांडीचा वरचा साधारण अर्धा इंच गुंडाळते. आमच्याकडे वॉशिंग मशीन आणि ड्रायर फर्नेसच्या शेजारीच आहेत आणि कपड्यांचा भुसा वर्षानुवर्षं पायलटच्या हवेच्या भोकाशी जमलेला. जे लोक उन्हाळ्यात पायलट बंद ठेवतात त्यांच्याकडे कोळी पण जाळी करून ठेवतात त्या भोकात.

बाबा तोवर खाली आले होते. त्यांचं सगळं आयुष्य मिरजेला, रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारण्यात हात बसलेला, त्यांनी लगेच विचारलं, सेफ्टी पिन आहे का गं, भोक मोकळं करू. स्टोव्हचं निपल त्या पिनेसाठीच असतं. पायलटचं गॅसचं भोक त्याहून बारीक आणि मापाने पाडलेलं असतं, त्यात पिन घातली की मोठं होतं, मग गॅस जास्त येतो आणि ज्योतीचं तंत्र कायमचं बिघडतं. ते हवेच्या झोताने साफ करायचं नाहीतर बदलायचं. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, असं होय, मग नको, आणि टॉर्च धरून उभे राहिले.

ज्योत नीट निळी असूनही बोट काढल्यावर विझत असेल तर बहुतेक वेळा थर्मोकपल संपलेलं असतं. रोज रात्रंदिवस आगीत उभी राहणारी कांडी ती, कधीतरी जाणारच. पार्ट दहा-वीस डॉलरचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, लांबी जुन्याएवढी बघून घ्यायची. गॅस बंद करून बदलता येतं, व्हॉल्व्हकडचा नट बोटाने घट्ट करून वर फक्त पाव फेरा द्यायचा, जास्त आवळला तर आतला जोड चेपतो आणि नवीन पार्ट पण चालत नाही. पण मशीनला हात लावायची सवय नसेल तर टेक्निशियनकडूनच करून घ्या, सोबत बाकीचं पण बघितलं जातं. आमच्याकडे माणूस दुपारी आला, पायलट साफ केला, थर्मोकपल बदललं. तोवर सगळे एका खोलीत, दोन इलेक्ट्रिक हीटर लावून, पाइप गोठू नयेत म्हणून नळ बारीक धारेवर सोडून.

आईने मधे ओव्हन लावून दार उघडं ठेवूया का विचारलं होतं. हे पुष्कळ घरांत करतात आणि अजिबात करू नका. गॅसची शेगडी किंवा ओव्हन घर तापवायला तासन् तास चालवला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, त्याला रंग नाही, वास नाही, गॅसमध्ये मिसळतात तसा घाण वास यात कोणी मिसळू शकत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, माणसाला वाटतं सर्दी-ताप आहे. जुन्या फर्नेसमध्ये तो दोन ठिकाणांहून घरात येऊ शकतो, आतल्या पत्र्याला तडा गेला तर किंवा चिमणी पक्ष्याच्या घरट्याने वगैरे तुंबली तर. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच, इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, २००७ पासून कायदाच आहे की झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत तो असला पाहिजे. मागच्या बाजूला तारीख असते ती वाचा, हे अलार्म पाच ते दहा वर्षांत संपतात आणि संपल्यावरही भिंतीवर छान टांगलेले दिसतात.

आणि एक, जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. पायलट वर्षा-दोन वर्षांतनं एकदा जोराच्या वाऱ्यात विझला तर पेटवा आणि सोडून द्या. पण आठवड्यात दोनदा विझत असेल तर पेटवत बसू नका. चिमणीतून उलटी हवा येत असेल, कांडी मरत असेल, गॅसचं प्रेशर कमी असेल, काहीही असेल, ज्योत काहीतरी सांगतेय. बटण टेप लावून दाबून ठेवणं, थर्मोकपलला वेगळी बॅटरी जोडणं असले उपाय सुचवणारे लोक भेटतात. तसं केलं की झाकण धरायला ज्योतीची गरजच उरत नाही, ती विझली तरी गॅस चालू, म्हणजे या सगळ्या रचनेत जी एक गोष्ट तुमच्या झोपलेल्या घराची राखण करते तीच काढून टाकली.

आमची फर्नेस अजून आहे. त्या दिवशी साडेतीनला पंखा सुरू झाला तेव्हा आई बाळाचं दुपटं व्हेंटवर, गरम हवा येते त्या जाळीवर, धरून उभी होती, गरम झालं की बाळाला गुंडाळायचं, दुसरं धरायचं. दाराच्या आतल्या बाजूला मी मार्करने थर्मोकपल बदलल्याची तारीख लिहिलीय आणि खाली गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर, आणि लांब दांड्याचा लायटर तिथेच खिळ्याला टांगलेला असतो.